मोटारीची चार दारं आणि ललिताबाईचा डबा

वाशीम,
मार्गशीर्ष वद्य सप्तमी

आदरणीय झुंबरलालजींच्या सेवेशी,

वाशीमहून घेवरचंदचा जय जिनेंद्र पोचावा. तुमचा उजवा गुडघा कसा आहे? मागे भेटलो तेव्हा तुम्ही त्याला एरंडाचं पान बांधत होता. उतार पडला असेल तर कळवावे, नसेल पडला तरी कळवावे. वहिनींचा मोतीबिंदू काढून महिना होत आला, आता त्यांना सगळं स्पष्ट दिसत असेल, आणि घरात कोण किती दिवसांपासून पाहुणं आहे हेही दिसत असेल. इकडे सर्व कुशल आहे असं लिहायची पद्धत आहे. मी लिहिणार नाही. इकडे काहीही कुशल नाही. तुमची धाकटी बहीण, म्हणजे माझी पत्नी गुलाबबाई, रिसोडच्या रस्त्यावरून परस्पर तुमच्याकडे मंगरूळपीरला निघून आली त्याला आज तेरा दिवस झाले. या तेरा दिवसांत तिने माझा एकही फोन उचललेला नाही. (तुम्ही वयाने मोठे, म्हणून पत्र शुद्ध भाषेत लिहायचं ठरवून बसलो होतो. पण राग आला का माझा हात आपल्या वऱ्हाडीवरच येते. इथून पुढचं तसंच समजून घ्या.)

तुमाले मी फोनच केला असता. पण तुमची फोनची तऱ्हा मले माहीत आहे. तुमी हॅलो म्हणाच्या आधी स्पीकर चालू करता, फोन चौरंगावर ठेवता, आणि मंग माझं बोलणं तुमी, वहिनी, दोन्ही सुना, भांडेवाली आणि गल्लीतून जाणारा भाजीवाला असे सगळे मिळून ऐकता. मांगच्या शुक्रवारी मी तुमाले एकट्याले म्हणून एक गोष्ट सांगतली, तर सायंकाळी ती समाजाच्या ग्रुपवर आली आणि तिच्याखाली सतरा हसणारी तोंडं. सतरा! मी मोजली. त्यातलं एक तोंड माझ्या सख्ख्या मावसभावाचं होतं, ज्याच्या दुकानाच्या मुहूर्ताले मी तापात उठून गेलतो. म्हणून हे पत्र. हे दुकानाच्या गादीवर एकट्यानं बसून वाचा. गुलाबबाईले यातलं काय सांगाचं आणि काय नाही हे मी जागोजाग लिहून देल्लं आहे.

गुलाबबाई घरी यावी एवढीच माझी इच्छा आहे, आणि ती काही माझ्या सोयीसाठी नाही. मले खिचडी लावता येते. (परवा लावली होती. कुकरचं झाकण अजून निघालं नाही, पण तो वेगळा विषय आहे.) ती यावी ते घरासाठी यावी. ती गेली ती मोटारीच्या दारापाई गेली, असं सगळं वाशीम म्हणून राह्यलं, आणि मी पण तेच म्हणतो. दारं आता दुरुस्त झाले. कारण संपलं का कार्य संपलं पाहिजे, हे तुमाले पटत असन तर पुढचं वाचा, नसन पटत तरी वाचा.

आमची मोटार तुमाले माहीत आहे. बाबांनी अठ्ठ्याहत्तर साली घेतली. (तिले कार म्हणलं का बाबा चिडत. कार पोट्ट्यांच्या खेळातली, म्हणत, ही मोटार.) दुधी रंग, गोल दिवे, पुढची सीट बाकासारखी एकसलग, गियर सुकाणूजवळ. तुमची बहीण लग्न होऊन याच सीटवर बसून वाशीमले आली, तुमी मांगं जीपमंधी होता आणि मोटारीचा धूर खाऊन खोकत होता. आज वाशीममंधी अशी दुसरी मोटार नाही. कोर्टाजवळ उभी केली का वकील लोक कोट घालून तिच्याजवळ फोटो काढतात. अशा मोटारीचे दारं पोळ्याच्या सुमारास जरा जड चालू लागले. जुनी वस्तू आहे, लॉकमंधी धूळ जाते, ग्रीस सुकते, ह्यात मोटारीचा अपमान काही नाही. अपमान पुढं झाला.

मयंक, म्हणजे तुमचा भाचा, पुण्याहून म्हणाला का बाबा, लॉकसाठी डब्यातला फवारा मिळते, मी पाठवतो. आता तुमीच सांगा, तीन पिढ्यांचं ज्याचं तेलाचं दुकान, दाराशी घाणी, घरात पिंपं भरून तेल, त्यानं मोटारीच्या दाराले तेल पुण्याहून मागवावं? लोक शेण नाही घालणार तोंडात? मी दर सोमवारी आपल्या घाणीचं ताजं, कोवळ्या उन्हासारखं पिवळं जवसाचं तेल घेऊन, बाबांच्या पितळी पळीनं, चारी दाराच्या लॉकमंधी सोडू लागलो. पहिले दोन हप्ते दारं अशी चालली का मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं. तिसऱ्या हप्त्यात जड झाली. जड झाली म्हणून मी तेल वाढवलं. तेल वाढवलं तशी ती आणखी जड झाली, मंग मी पळी सोडून वाटी घेतली. ह्याच्यापरीस जास्त कोणी कोणाची काय सेवा करते?

दिवाळीच्या आत मांगचं डावं दार गेलं. मंग मांगचं उजवं. मंग गुलाबबाईच्या बाजूचं पुढचं डावं. एका वकील साहेबाले मी मोठ्या प्रेमानं कोर्टात सोडून देल्लं, तर त्यांचं दार उघडेना, तिकडं त्यांच्या नावाचा पुकारा झाला, शेवटी ते फाईल दातात धरून सीटवरून घसरत माझ्या बाजूनं उतरले. तेव्हापासून ते माझ्याकडून तेल नेत नाहीत. राह्यलं एक माझं दार. गुलाबबाई त्याच दारानं चढे, सीटवरून सरकत सरकत पलीकडं जाऊन बसे. साठीच्या बाईनं हे करावं का, असं तिनं दोनदा विचारलं. मी म्हणलं, चालाचा व्यायाम डॉक्टरनं सांगतलाच आहे तुले. (हे वाक्य मी आता म्हणलं नसतं.) आणि त्यातच मले दुर्बुद्धी सुचली. केनवडच्या लग्नाले मोटार चकचकीत दिसावी म्हणून काचा वरखाली करायचे चारी हँडल काढून मी अकोल्याले पॉलिशले पाठवले. ते वेळेवर आले नाहीत. काचा सगळ्या वर लागलेल्या राह्यल्या. थंडीचे दिवस होते, मी म्हणलं, बरंच आहे.

केनवडजवळच्या तांड्यावरचा मोहनसिंग तुमी आमच्या दुकानात पाह्यला आहे, पांढऱ्या मिशांचा, दरवर्षी जवस घेऊन येते तो. त्याच्या लेकीचं, निताचं लग्न. मुहूर्त साडेबाराचा, लग्न लागलं साडेतीनले, कारण नवरदेव नाचून राह्यला होता. (आमच्या टायमाले नवरदेव मान खाली घालून बसे. आता तोच पुढं नाचते आणि वाजंत्रीवाले थकून खाली बसतात.) गुलाबबाई सकाळी कपभर दूध घेऊन निघालेली, त्यानंतर पोटात काही नाही. पंगतीत वांगे, कांदा, लसूण, तिले चालण्यासारखं काही नव्हतं, आणि हे मोहनसिंगच्या घरच्या ललिताबाईनं न सांगता ओळखलं. त्या माउलीनं लेकीची पाठवणी तोंडावर असताना वेगळ्या भांड्यात तुरीच्या ओल्या सोल्यांची, म्हणजे हिरव्या दाण्यांची, भाजी केली, कांद्या-लसणाचा वाससुदा नाही, पुऱ्या तळल्या, शिरा केला, आणि म्हणाली का इथंच बसून जेवून घ्या. मी म्हणलं, नको, डबा बांधून द्या, उशीर होईन, वाटेत झाडाखाली निवांत जेवू. ही चूक माझी, मी कबूल करतो. पण सगळा मांडव रडून राह्यला असताना आपण पुऱ्या खात बसणं बरं दिसते का?

आता आमचा दोघांचाही चौविहार. सूर्य बुडला का अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, ते दुसऱ्या दिवशी सूर्य उगवून दोन घडी होईपर्यंत. बावीस वर्षांत गुलाबबाईनं तो एकदाही मोडला नाही, मी पण नाही. आणि मार्गशीर्षातला सूर्य कसा असते तुमाले माहीत आहे, पाच वाजले का त्याले घरी जायची घाई. रिसोड मांगं टाकलं तेव्हा साडेपाच होत आले होते. रस्त्याच्या कडेले एक कडुनिंब पाहून मी मोटार थांबवली, गुलाबबाईले म्हणलं, तू बस, मी डबा काढतो. डबा डिकीत होता. मी माझ्या दारानं उतरलो आणि सवयीनं दार आपटलं, कारण आपटल्याशिवाय ते लागत नव्हतं. ते लागलं. डिकीतून डबा काढला, येऊन दाराले हात घातला, तर दार उघडेना. ओढलं, हलवलं, पाय लावून ओढलं, आतून गुलाबबाईनं ढकललं. हूं नाही का चूं नाही. चारी दारं बंद, काचा बंद, काचेचे हँडल अकोल्याले. आत गुलाबबाई, सकाळपासून उपाशी. बाहेर मी आणि डबा.

मंग मदत आली. भगवंत कोणावर अशी मदत न आणो. आधी एक मोटारसायकलवाला थांबला, मंग त्याले पाहून दुसरा, मंग तुरीचं ट्रॅक्टर, आणि शेवटी रिसोडहून मंगरूळपीरले जाणारी एस.टी. ड्रायव्हरनं बस बाजूले घेतली आणि सगळी बस खाली उतरली, जसं काही तिथं प्रसाद वाटून राह्यले. एकजण म्हणे हॉर्न वाजवा. (कायले? दाराले जाग येईन म्हणून?) एकजण म्हणे मोटार गदागदा हलवा, म्हणून आठ जणांनी ती हलवली, आत गुलाबबाई डोक्यावरचा पदर धरून इकडून तिकडं. एक मास्तर होते, ते मले समजावून सांगू लागले का थंडीनं लोखंड आकसते. एकाच दाराले दोघं ओढत होते आणि तिसरा पलीकडच्या अंगानं मोटार ढकलत होता, आणि तिघंही एकमेकांना शाबास म्हणत होते. मोटारसायकलवाल्यानं सरळ दगडच उचलला. मी त्याचा हात धरला. अठ्ठ्याहत्तर सालची काच आहे बाप्पा, आता दुनियेत मिळत नाही! काच फोडू नका, असं मी म्हणलं, आणि जरा मोठ्यानंच म्हणलं. ते आत ऐकू गेलं असन, कारण गुलाबबाईनं माझ्याकडं पाहणं बंद केलं. (हे तिनं तुमाले सांगतलंच असन. माझी बाजू अशी, का काच वाचवली म्हणजे मी तिची किंमत कमी केली असं होत नाही. माणूस घाबरला का तोंडातून जे निघते ते निघते.)

शेवटी एस.टी.चा ड्रायव्हरच शहाणा निघाला. तो म्हणाला, मांगची मोठी काच रबरात बसवलेली असते, रबर सोललं का काच अख्खी निघते. डब्यातल्या चमच्याच्या दांडीनं त्यानं ते रबर बोट-बोट करत सोलून काढलं. काच निघाली, एक ओरखडा नाही. पण तोवर सूर्य बुडून गेला होता. बसमधल्या बायांनी दोन शाली धरून आडोसा केला, गुलाबबाई मांगच्या सीटवर चढून मांगच्या खिडकीतून निघाली, डिकीवर बसली आणि खाली उतरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या घरच्या बाईले! मी पुढं होऊन म्हणलं, चल. ती माझ्या बाजूनं निघून गेली, बसच्या पायरीवर चढली, वळून एकच वाक्य बोलली (ते इथं लिहिण्यासारखं नाही), आणि खिडकीजवळ जाऊन बसली. बस निघून गेली. मी मांगच्या भोकातून आत शिरलो आणि एकटा वाशीमले आलो, मानेवर गार वारा घेत.

पुढचे सहा दिवस मी ह्याच भोकातून मोटारीत जात-येत होतो, दिवसाढवळ्या, पाटणी चौकात. पोट्टे मोबाईल काढून उभे राहत. पहिले सेवालालच्या गॅरेजात नेली. त्यानं दार पाह्यलं नाही, लॉक पाह्यलं नाही, सरळ हातोडा घेतला. मी म्हणलं, अरे, तू मेकॅनिक आहे का पाथरवट? तर म्हणे, काका, जुन्या गाडीले भाषा जुनीच लागते. मी मोटार तशीच उलटी काढून आणली. मंग कोणीतरी एस.टी. डेपोतून रिटायर झालेल्या गोविंदसिंगचं नाव सांगतलं. त्यानं हातोडा घेतलाच नाही. तो मांगच्या भोकातून आत गेला, दाराच्या आतलं रेक्झिनचं कव्हर खोललं, सळया सोडवल्या, लॉक बाहेर काढलं, नाकाशी नेलं, नखानं खरवडलं. वरून पिवळा, डिंकासारखा थर निघाला. मंग त्यानं मले विचारलं, "शेटजी, ह्याच्यात कोणतं तेल टाकलं?"

मी अभिमानानं सांगतलं, घरच्या घाणीचं, जवसाचं.

तो हसला असता तर मी सहन केलं असतं. तो हसला नाही. शांतपणानं म्हणाला, "शेटजी, जवसाचं तेल वाळते. आमी लाकडाच्या चौकटीले लावतो, पेंटर रंगात मिसळते, वाळून काचेवानी कडक व्हावं म्हणून. तुमच्याच दुकानातून नेतो न आमी. तुमी लॉकले दर सोमवारी वार्निश देल्लं."

झुंबरलालजी, चाळीस वर्षं मी पेंटर लोकांना हेच तेल मोजून देतो. प्रत्येकाले सांगतो का लावल्यावर दोन दिवस हात लावू नका, पक्कं बसू द्या. हे माझ्याच तोंडचं वाक्य आहे. आणि माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही का लॉक हे पण पक्कं बसन. मले राग आला तो गोविंदसिंगचा आला, कारण दुसरा कोणी तिथं नव्हता. मी त्याले म्हणलं, खाद्यतेल आहे, शुद्ध आहे, तीन पिढ्यांत कोणाची तक्रार नाही. तो म्हणाला, माणसाची नसन, लॉकची आहे. त्यानं चारी लॉक काढून डिझेलमंधी दोन दिवस भिजू घातले, पितळी ब्रशनं घासले, थकलेल्या स्प्रिंगा बदलल्या, लॉक ज्याच्यात अडकते ते खांबावरचे खुंट जागेवर आणले, नखावर मावन एवढंच ग्रीस लावलं, आणि किल्लीच्या भोकात तर तेलाचा थेंब नाही, शिसपेन्सिलीचं टोक घासून त्याची पूड फुंकली. मांगची काच रबरात बसवली. आता चारी दारं एका बोटानं उघडतात. मी मोजून चाळीस वेळा उघडले-लावले, तेव्हा गोविंदसिंग म्हणाला का शेटजी, आता सोडा, नाहीतर पुन्हा बिघडतीन. हँडलही अकोल्याहून आले, चकचकीत.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. तक्रार दाराची होती, दार उघडलं. आता बहिणीले समजावून सांगणं तुमचं काम आहे. तुमी मोठे भाऊ आहा, तुमचं ती ऐकते. (माझं ऐकत नव्हती तेव्हाही तुमचंच ऐकत होती, त्याबद्दल मी छत्तीस वर्षं काही बोललो नाही.) जावयानं किती वाट पाहावी, ह्याची काही रीत असते का नसते? सोनमुखी इसबगोल काही लागत असन तर कळवा, येताना आणतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि तुमच्या फोनच्या स्पीकरले दुरून रामराम.

तुमच्या घरचा (मी अजून तसंच समजतो) जावई,
घेवरचंद

ता. क. दारं एका बोटानं उघडतात असं वर लिहिलं ते खरं आहे. खरं म्हणजे काल गतिरोधकावर पुढचं डावं दार बोट न लावताही उघडलं. मी ते सध्या सुतळीनं बांधून ठेवलं आहे. गोविंदसिंग उद्या पाहून देतो म्हणाला. हे गुलाबबाईले सांगू नका.

ता. क. दुसरा. वर मी लिहिलं का ती दारापाई गेली. वाशीमही तसंच म्हणते. तुमी मात्र तसं म्हणून राह्यले नसान, कारण तिनं तुमाले खरं सांगतलं असन, आणि तुमी तेरा दिवस ते मले बोलून दाखवलं नाही, हा तुमचा मोठेपणा. ते खरं आहे. मी जेवलो. लोक दारं ओढत होते, सूर्य बोटभर राह्यला होता, मी डिकीमांगं उभा होतो आणि हातात डबा होता. मी म्हणलं, ती तर जेवू शकत नाही, दोघंही उपाशी राहून कोणाचं भलं आहे? डिकीचं झाकण वर होतं, म्हणून वाटलं का आतून दिसणार नाही. तीन पुऱ्या, भाजी आणि शिरा. तुरीच्या सोल्यांची भाजी फार चांगली झाली होती, हे मी खोटं कायले बोलू. पण त्या झाकणाचा टेकू ढिला आहे, तो जुनाच ढिला आहे, आणि ते झाकण हळूहळू खाली आलं. समोर मांगच्या काचेतून गुलाबबाई माझ्याकडं पाहून राह्यली होती. सीटवर गुडघे टेकून, हात काचेले. माझ्या तोंडात घास होता. मी तो गिळला, आणि वरून पाणी प्यालो, कारण सूर्याले दोन मिनिटं होती. बसच्या पायरीवरून ती जे बोलली ते आता लिहून टाकतो: "तुमचं जेवण झालं, माही काच निघाली. आता दोघंबी मोकळे."

ता. क. तिसरा. ती काचेवर हात मारत होती आणि बोटानं पुढं दाखवत होती. मले वाटलं का ती म्हणते, जेवा तुमी, माझी काळजी करू नका. बाई नेहमी तसंच म्हणते. गोविंदसिंगनं परवा पुढच्या दाराची ती तिकोनी बारकी काच बोटानं दाबली, तर ती सहज उघडली. तिले मी कधी तेलच घातलं नव्हतं. आतून चाप उघडून ती मले तीच काच दाखवत होती. त्यातून गुंडाळलेली पुरी आत गेली असती. पाणी गेलं असतं. पक्कड गेली असती तर हँडल नसतानाही तिथली खुंटी फिरवून तिनं स्वतःच मोठी काच खाली केली असती आणि सूर्य असतानाच बाहेर येऊन माझ्याजवळ बसून जेवली असती. ती रात्र तिनं कोरड्या तोंडानं काढली, तुमच्या घरी. मी इथं पोट भरून जागा होतो. माझी चूक झाली, झुंबरलालजी. हे तिले सांगा. वरचं सगळं फाडून टाकलं तरी चालन, एवढं सांगा.

ता. क. शेवटचा. मोहनसिंगकडं काल जाऊन आलो. ललिताबाई शनिवारी पुन्हा सोल्यांची भाजी आणि पुऱ्या करून देते म्हणाली, कशासाठी ते तिनं विचारलं नाही. मी रविवारी तीन वाजता डबा घेऊन तुमच्या दारात येतो. मोटार नको असन तर एस.टी.नं येतो. घरी चल असं मी तिले म्हणणार नाही, त्याचं ती पाहीन. मी ताट घेणार नाही, ती जेवल्यावर काही उरलं तर पाहू. फक्त तिले आधी विचारून ठेवा, माझ्यासमोर बसून ती जेवन का.